मॅन बेटांतील ‘चोविसांची सभा’ व तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक (इ. स. १८६७)

कर्नल मार्क विल्क्स हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. हैदर-टिपूच्या काळावर लिहूं पाहणारास त्याच्या म्हैसूरच्या इतिहासाचे तीन खंड (१८१०-१८१७) हाताशीं घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवरील मोहिमेंत इंग्रजांच्या जोडीला होते, त्या सुमारास हा गृहस्थ मद्रासच्या फौजेंत चाकरीला होता. पुढें १८०३ पासून १८०८ पर्यंत म्हैसूर दरबारीं रेसिडेंटचें काम त्यानें पाहिलें, आणि कर्नल मॅकेंझीनें जमविलेले शिलालेख, ताम्रपट व बाडें यांचा उपयोग करून आपला ग्रंथ रचिला. १८१५ सालीं नेपोलियनला सेंट हेलिनावर आणून उतरविलें, तेव्हां तेथील गव्हर्नरहि हाच.

इतका वृत्तान्त बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु विल्क्स हा मूळचा इंग्लंडचा नव्हे. इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांत मॅन नांवाचें एक बेट आहे, तेथला तो. चाकरी संपवून तो स्वदेशीं परतला आणि त्या बेटाच्या विधिसभेचा अध्यक्ष झाला, ही गोष्ट मराठींत कोणीं नोंदलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. या अध्यक्षपदाची गंमत अशी कीं, विल्क्सला किंवा त्याच्या समोर बसलेल्या सभासदांपैकीं कोणालाहि बेटावरील एकाहि रहिवाशानें मत देऊन तेथें पाठविलेलें नव्हतें. सभा शेंकडों वर्षांची जुनी, तिचे निर्णय सर्व बेटावर बंधनकारक, आणि निवडणूक म्हणून जिला म्हणावें अशी गोष्ट तिच्या इतिहासांत १८६७ पर्यंत नाहीं. ती कशी आली याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. जुन्या सभा व पंचायती यांचा उल्लेख सांपडला रे सांपडला कीं तेथें लोकसत्ता होती असा निष्कर्ष काढण्याची जी घाई अलीकडे दिसते, तिला आळा घालण्यास या बेटाचें उदाहरण फार उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

बेट लहान आहे. क्षेत्रफळ सुमारें २२१ चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील औंध संस्थानाच्या निम्म्याहूनहि कमी. १८६१ च्या खानेसुमारींत वस्ती ५२,००० च्या थोडी वर. त्यावर प्रथम नॉर्स लोकांचें राज्य होतें. १२६६ त नॉर्वेच्या राजानें तें स्कॉटलंडला दिलें. पुढें १४०५ त इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीनें तें स्टॅन्ले घराण्यास बहाल केलें. आणि १७३६ त वारसाहक्कानें तें अ‍ॅथोलच्या ड्यूककडे गेलें. राजे व धनी बदलले तरी दरवर्षीं उन्हाळ्याच्या मध्यावर सेंट जॉन्स या गांवीं एका चार पायऱ्यांच्या मातीच्या टेकडीवर भरणारी सभा बदलली नाहीं. तिला टिनवाल्ड म्हणतात. हा शब्द नॉर्स भाषेंतील असून ‘सभेचें मैदान’ असा त्याचा अर्थ आहे. जुलैच्या ५ तारखेला तेथें नवे कायदे मॅन व इंग्रजी या दोन्ही भाषांत पुकारले जात, आणि असे पुकारले गेल्यावांचून कायद्याला कायदेपण येत नसे. आपल्याकडील दवंडीला निदान इतकें महत्त्व कोणीं दिलेलें नाहीं.

१९७९ सालीं बेटानें या सभेचा सहस्रवार्षिक उत्सव केला. उत्सव करण्यास आमची हरकत नाहीं. मात्र ९७९ हें नेमकें साल ज्यावरून सिद्ध होईल असा समकालीन लेख नाहीं, आणि लेख नाहीं तेथें सन सांगूं नये हा आमच्या शास्त्राचा पहिला पाठ आहे.

टिनवाल्डचीं दोन अंगें. एक, गव्हर्नर, बिशप, न्यायाधीश वगैरे अधिकाऱ्यांचें मंडळ. व दुसरें चोवीस जणांचें, ज्याला इंग्रजींत ‘हाउस ऑफ कीज्’ म्हणजे ‘किल्ल्यांचें सभागृह’ असें विचित्र नांव आहे. १४१७ च्या एका लॅटिन लेखांत ‘मॅनच्या किल्ल्या व कायद्याच्या किल्ल्या’ अशा अर्थाचे शब्द येतात. हाच या नांवाचा सर्वांत जुना उल्लेख. बेटाच्या भाषेंत मात्र सभेला ‘कियार अस फीड’ म्हणजे ‘चार आणि वीस’ एवढेंच म्हणतात. ‘कियार अस’ हे शब्द भरभर उच्चारले असतां परक्या लेखनिकाच्या कानाला ‘कीज्’ असे लागले असावे, आणि मग त्यानें किल्लीचा अर्थ त्यांवर बसविला, असा एक तर्क आहे. आमच्या मतें तो ग्राह्य आहे. मोडी दप्तरांत परक्या नांवांची जी दशा कारकुनांनीं केलेली आपण नित्य पाहतों, ती ध्यानीं घेतली तर त्यांत असंभाव्य कांहीं नाहीं. योगापेक्षां रूढि बलवत्तर ठरते आणि चुकीचा शब्दहि पांचशें वर्षें टिकला म्हणजे शुद्ध होतो.

या चोवीस जणांचा अधिकार कोठून आला? १४२२ च्या सुमारास बेटाचा धनी स्टॅन्ले यानें हाच प्रश्न तेथल्या न्यायाधीशांस केला. उत्तराचा आशय असा कीं, पूर्वीं सोळा जण खुद्द बेटाचे व आठ बाहेरच्या बेटांचे असे जमीनदार बोलाविले जात; परंतु धन्याच्या मर्जीवांचून चोविसांपैकीं कोणीहि असूं शकत नाहीं. पुढें प्रघात पडला तो असा. एखादा सभासद मेला किंवा त्यानें जागा सोडली, म्हणजे उरलेल्या सभासदांनीं दोन नांवें गव्हर्नरकडे पाठवावीं व गव्हर्नरनें त्यांतलें एक पसंत करावें. पसंत झालेला मनुष्य तहाहयात सभासद. आपल्याकडे देवस्थानच्या पंचांपैकीं एखादा वारला असतां उरलेले पंच त्याची जागा भरून काढतात, तोच हा प्रकार. सभा कायदे करी, आणि वरिष्ठ न्यायालय म्हणून फिर्यादींचीं अपिलेंहि ऐके. विल्क्स ज्या सभेचा अध्यक्ष होता ती अशी होती.

आमच्या गोतसभांचें स्मरण येथें साहजिकच होतें. महजरावर देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुते यांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी आणि ज्याच्या त्याच्या धंद्याचें हत्यार पाहून मन प्रसन्न होतें. परंतु त्यांतला प्रत्येक जण वतनाच्या हक्कानें तेथें बसलेला आहे, कोणीं निवडलेला नाहीं. गांवाच्या वतीनें बोलणें वेगळें आणि गांवानें बोलावयास पाठविणें वेगळें. मॅन बेटावर पहिली गोष्ट शेंकडों वर्षें होती. दुसरी १८६७ सालीं आली.

ती येण्याचें मूळ पैशांत आहे. अठराव्या शतकांत हें बेट चोरट्या व्यापाराचें आगर बनलें होतें. बेटावरची जकात हलकी, इंग्लंडांतली भारी. म्हणून चहा, दारू, तंबाखू तेथें उतरवावी व रात्रीं होडींतून इंग्लंडच्या किनाऱ्यास लावावी. हा तोटा बंद करण्यासाठीं इंग्लंडच्या सरकारनें १७६५ त अ‍ॅथोलच्या ड्यूककडून बेटाचा राजाधिकार ७०,००० पौंडांस विकत घेतला. राज्य विकत घेतांना प्रजेला विचारण्याची चाल तेव्हां नव्हती, हें सांगणें नलगे. त्यानंतर बेटावरची जकात इंग्लंडच्या खजिन्यांत जाऊं लागली. तेथला खर्च भागून दरसाल शिल्लक राही, ती बेटाला मिळत नसे. आणि हेरिंग मासळीवर पोट असलेल्या या बेटाचीं बंदरें तर ढासळत चाललेलीं.

चोविसांची सभा या बाबतींत दुबळी होती, कारण ‘तुम्ही कोणाच्या वतीनें मागतां?’ या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हतें. बेटावरच्या कांहीं लोकांना हें उघड दिसत होतें. ‘मोनाज हेराल्ड’ पत्राचा संपादक रॉबर्ट फार्गर यानें निवडून आलेल्या सभेसाठीं वर्षानुवर्षें लेखणी चालविली व त्यापायीं तुरुंगहि भोगला. तो १८६३ त वारला. त्याच वर्षीं हेन्री ब्रोहम लॉक हा नवा गव्हर्नर बेटावर आला.

या लॉकचाहि हिंदुस्थानशीं संबंध आहे. १८४४ त तो बंगालच्या घोडदळांत शिरला, शिखांवरील पहिल्या युद्धांत सरसेनापति गफ याच्या तैनातीस होता, व पुढें स्किनरच्या घोडदळांत त्यानें नोकरी केली. शिंद्यांची चाकरी सोडून निघालेल्या जेम्स स्किनरनें १८०३ त उभें केलेलें तेंच हें पथक. चीनच्या युद्धांत १८६० सालीं लॉक शत्रूच्या हातीं सांपडला, पेकिंगला कैदेंत पडला व सुदैवानें जिवंत सुटला. असा कसलेला मनुष्य वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं बेटावर आला. पदार्थाची किंमत ओळखून सौदा करणें हा त्याचा विशेष पुढील हकीकतींत दिसेल.

तत्पूर्वीं १८६४ चें एक प्रकरण सांगितलें पाहिजे. डग्लस हें बेटावरचें सर्वांत मोठें शहर; बेटाच्या वस्तीचा सुमारें चौथा हिस्सा तेथें. शहराच्या कमिशनरांस अधिक अधिकार देण्याविषयींचा प्रस्ताव सभेनें फेटाळला. त्यावर ‘आइल ऑफ मॅन टाइम्स’ या पत्राचा संपादक जेम्स ब्राउन यानें सभेवर कडक टीका केली. सभेनें त्याला समोर बोलावून आपली बेअदबी केल्याबद्दल सहा महिन्यांची कैद ठोठावली व कॅसल रशेन या जुन्या किल्ल्यांत डांबलें. ब्राउननें लंडनच्या राणीच्या न्यायालयाकडे धांव घेतली. तेथें निकाल झाला कीं, ही सभा न्यायालय म्हणून बसली असतांना तिला कांहीं अधिकार असतील. पण कायदे करावयास बसली असतांना बेअदबीबद्दल कोणास तुरुंगांत घालण्याचा अधिकार तिला नाहीं. ब्राउन सुमारें सात आठवड्यांनीं सुटला. पुढें त्यानें नुकसानभरपाईचा दावा लावला व जूरीनें त्याला ५०० पौंडांहून अधिक रक्कम देवविली. शेंकडों वर्षांच्या सभेची प्रतिष्ठा एका छापखानेवाल्यानें सात आठवड्यांत उतरविली. आमच्या मतें निवडणुकीचा खरा आरंभ येथें आहे. जी सभा कोणासच जबाबदार नाहीं तिला टीका ही नेहमीं बेअदबीच वाटते, आणि या प्रकरणानें हें सर्व बेटाला प्रत्यक्ष दाखविलें.

लॉकला बंदरें बांधावयाचीं होतीं. त्यासाठीं जकातीची शिल्लक बेटाला मिळावी असें त्यानें लंडनच्या खजिन्याकडे मागणें केलें. वाटाघाट होऊन ठरलें तें असें: जकातींतून बेटाच्या कारभाराचा खर्च भागवावा, १०,००० पौंड दरसाल इंग्लंडला द्यावे, आणि उरेल तें टिनवाल्डनें गव्हर्नर व खजिना यांच्या संमतीनें बेटाच्या कामीं लावावें. मात्र सार्वजनिक पैसा ज्या सभेच्या मतानें खर्चावयाचा ती लोकांनीं निवडलेली असली पाहिजे. याप्रमाणें १८६६ त इंग्लंडच्या पार्लमेंटनें जकातीचा कायदा केला, आणि त्याच वर्षीं चोविसांच्या सभेनें आपल्याच तहाहयात जागा रद्द करणारा निवडणुकीचा कायदा मंजूर केला. तिचा न्यायदानाचा अधिकारहि त्यांतच गेला. डिसेंबरांत कायदा टेकडीवरून पुकारण्यांत आला.

ही निवडणूक बेटाला उदारपणानें दिलेली देणगी नव्हे. जकातीच्या शिलकेसाठीं मोजलेली ती किंमत होय. फार्गरच्या चळवळीला यामुळें कमीपणा येत नाहीं. मागणारे तयार नसते तर खजिन्याला ही अट सुचलीहि नसती. तथापि नुसत्या अर्जांनीं जें पंचवीस वर्षांत झालें नाहीं तें हिशेबाच्या एका कलमानें दोन वर्षांत झालें, हें इतिहासलेखकानें झांकून ठेवूं नये.

नव्या कायद्यानें जागा चोवीसच ठेविल्या. बेटाचे पूर्वापार सहा परगणे आहेत, त्यांस ‘शीडिंग’ म्हणतात. प्रत्येकास तीन जागा. उरलेल्या सहांपैकीं डग्लसला तीन व रॅम्से, पील, कॅसलटाउन यांस एकेक. वस्तीचा चौथा हिस्सा असलेल्या डग्लसला जागांचा आठवा हिस्सा मिळाला, यावरून जमीनदारांचा हात सैल झाला नव्हता हें दिसतें. मतदार व उमेदवार दोघांनाहि मालमत्तेची अट होती. मुदत सात वर्षांची. १८६७ च्या एप्रिलांत मतें पडलीं आणि बेटाच्या इतिहासांत प्रथमच सभासद लोकांनीं निवडून दिले. निकाल पाहूं जातां जुन्या सभेंतले बरेच जण पुन्हा तेथेंच बसलेले दिसतात. नवा अध्यक्ष जॉन सेनहाउस गोल्डी-टॉबमन हा जुन्या सभेंतल्याच नांवाजलेल्या घराण्याचा. तो १८९८ पर्यंत त्या पदावर राहिला.

मग बदललें काय, असें कोणी विचारील. तोंडें तींच राहिलीं, पण त्यांना आतां विचारणारा आला. शिवाय शिलकेचा पैसा बेटावर खेळूं लागला. डग्लसचा व्हिक्टोरिया धक्का १८७२ त उघडला व उन्हाळ्यांत हवा खाण्यास येणाऱ्या इंग्रज पाहुण्यांवर बेटाची भरभराट झाली. मात्र ती शिल्लक खर्चावयास गव्हर्नरची संमति लागेच. किल्ली सभेच्या नांवांत होती, तिजोरीची किल्ली लॉकच्या कमरेला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढची गोष्ट संस्कृतज्ञ वाचकांस विशेष रुचेल. १८८० त मतदानाचा कायदा सुधारण्याचें ठरलें. इंग्लंडांत १८६८ सालीं न्यायालयानें निर्णय दिला होता कीं, मताधिकाराच्या कायद्यांत ‘मनुष्य’ या अर्थीं जो पुल्लिंगी शब्द आहे त्यांत स्त्रिया येत नाहींत. स्त्रियांना मत मिळावें म्हणून झटणाऱ्या मँचेस्टरच्या लिडिया बेकर बाई १८८० त बेटावर येऊन व्याख्यानें देऊन गेल्या. त्या वर्षीं नोव्हेंबरांत सभेचा एक सभासद रिचर्ड शेरवुड यानें सूचना आणली कीं, मसुद्यांतला ‘पुरुष’ हा शब्दच गाळावा. सोळा विरुद्ध तीन मतांनीं ती मंजूर झाली.

जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत हाच वाद आहे. ‘स्वर्गकामानें यज्ञ करावा’ या विधींतलें पुल्लिंग विवक्षित आहे कीं नाहीं? ऐतिशायन म्हणतो, विवक्षित आहे, म्हणून पुरुषासच अधिकार. बादरायणाचें मत, लिंग येथें विवक्षित नाहीं, स्त्रीलाहि अधिकार आहे. त्यावर पूर्वपक्षी पुनः उठतो कीं, यज्ञ द्रव्यावांचून होत नाहीं आणि स्त्रीजवळ द्रव्य नाहीं. सिद्धान्ती उत्तर देतो कीं, तिलाहि द्रव्य असतें. लिंग व द्रव्य हे दोन्ही मुद्दे, त्याच क्रमानें, मॅन बेटाच्या सभेंत यावे याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. कारण गव्हर्नर व त्याचें मंडळ यांनीं ती सूचना जशीच्या तशी मान्य केली नाहीं. ज्या स्त्रियांच्या नांवें स्वतःची स्थावर मिळकत आहे त्यांनाच मत, भाडेकरू स्त्रियांना नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. विवाहितेची मिळकत तेव्हांच्या कायद्यानें नवऱ्याची, म्हणून वस्तुतः अविवाहिता व विधवा यांनाच अधिकार मिळाला. आमच्या मीमांसकांनीं पत्नीला अधिकार दिला तो पतीच्या जोडीनें. बेटानें दिला तो पति नसेल तर! सभेनें नाइलाजानें एवढ्यावर समाधान मानलें. १८८१ च्या जानेवारींत राणीची संमति आली व मार्चमधील निवडणुकींत सुमारें ७०० स्त्रिया मतदार होत्या. न्यूझीलंडचा जगप्रसिद्ध कायदा १८९३ चा. मुंबईच्या कायदेमंडळानें स्त्रियांना मत दिलें तें १९२१ त. बेटावर भाडेकरू स्त्रियांना १८९२ त व सर्व प्रौढांस १९१९ त मताधिकार मिळाला, आणि २००६ सालीं तर वयाची मर्यादा सोळा वर्षांवर आणण्यांत आली.

मॅन बेटाच्या पहिल्या निवडणुकीनंतर तीनच वर्षांनीं, २ एप्रिल १८७० रोजीं, पुण्यांत सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंत प्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष. कायद्यानें तिला कसलाहि अधिकार नव्हता. परंतु तिचा एक नियम असा होता कीं, निदान पन्नास माणसांच्या सहीचा मुखत्यारनामा आणल्याशिवाय कोणासहि सभासद होतां येऊं नये. आणि याप्रमाणें पंचाण्णव सभासद सुमारें ६,००० लोकांचे मुखत्यार होऊन आले. चोविसांच्या सभेजवळ पुरातनत्व होतें, अधिकार होता, मुखत्यारनामा नव्हता. पुण्याच्या सभेजवळ मुखत्यारनामे होते, बाकी कांहीं नव्हतें. ते मूळ मुखत्यारनामे, त्यांवरील सह्या व निशाण्यांसह, प्रसिद्ध झालेले आमच्या पाहण्यांत नाहींत. सह्या करणारे कोणत्या गांवचे, कोणत्या धंद्याचे, मोडींत किती व बाळबोधींत किती, अंगठे कितीजणांचे, हें त्यांवरून कळेल. ज्या वाचकांच्या संग्रहीं असा एखादा कागद अथवा त्याची नक्कल असेल, त्यांनीं ती कृपा करून मंडळाकडे पाठवावी. उतरून घेऊन मूळ परत करण्याची व्यवस्था होईल.